ट्रोल्येगेरेन (ट्रोलचा शिकारी)

ट्रोल्येगेरेन : नॉर्वेच्या लोककथांतील ट्रोल नावाच्या राक्षसाच्या शिकारीवर बेतलेला आणि माहितीपटाचा आव आणणारा नॉर्वेजियन विनोदी चित्रपट. त्याचे लेखन व दिग्दर्शन आंद्रे ओव्रेदाल यांनी केले असून ‘फिल्मकामेरातेने’ या नॉर्वेजियन संस्थेने त्याची निर्मिती केली. तो २९ ऑक्टोबर २०१० रोजी नॉर्वेत प्रदर्शित झाला. त्याची लांबी १०३ मिनिटे आहे. मूळ नावाचा अर्थ ‘ट्रोलचा शिकारी’ एवढाच होतो. नॉर्वेबाहेर हा चित्रपट ‘ट्रोलहंटर’ या इंग्रजी नावाने ओळखला जातो. निर्मितीला सुमारे १ कोटी ९० लाख नॉर्वेजियन क्रोनर खर्च आला. साठ मीटर उंचीचा राक्षस पडद्यावर चालवून दाखवणाऱ्या चित्रपटासाठी हॉलिवुडच्या हिशेबाने ही रक्कम किरकोळच म्हणावी लागेल.

चित्रपट कळण्यासाठी ट्रोल म्हणजे काय हे आधी माहीत असावे लागते. पेटर क्रिस्टन आस्ब्योर्नसेन आणि योर्गेन मू यांनी एकोणिसाव्या शतकात, १८४०च्या दशकापासून, नॉर्वेतील लोककथा संग्रहित करून छापल्या, आणि पुढे चित्रकार थिओदोर किटेलसेन (१८५७–१९१४) याने त्यांतील ट्रोलांना लांब नाकाचे, शेवाळलेल्या अंगाचे, पाठीवर झाडे उगवलेले रूप दिले. आपल्याकडे मुंजा पिंपळावर आणि वेताळ गावाबाहेर, असे ज्याचे त्याचे ठिकाण ठरलेले असते. ट्रोलचे ठिकाणही तसेच ठरलेले, कुणी डोंगरात, कुणी जंगलात, कुणी पुलाखाली. त्याचे नियमही ठरलेले आहेत. सूर्यप्रकाश अंगावर पडला की तो दगड होतो, ख्रिस्ती माणसाच्या रक्ताचा त्याला वास येतो, आणि पुलावरून जाणाऱ्या बोकडांवर तो टपून असतो. नॉर्वेतले शाळकरी पोरही हे नियम घडाघडा सांगेल. चित्रपट यांतला एकही नियम मोडत नाही. तो प्रत्येक नियम प्रामाणिकपणे पाळतो आणि मग हे सगळे खरेच असते तर ते कोणत्या सरकारी खात्याकडे गेले असते, एवढा एकच प्रश्न विचारतो.

सुरुवातीच्या पाटीनुसार, निर्मितिसंस्थेला निनावी पाकिटातून दोन हार्डडिस्क मिळाल्या आणि प्रेक्षक पाहत आहे ते त्यांतलेच चित्रण आहे. ते चित्रण केले आहे व्होल्दा येथील महाविद्यालयाच्या तीन विद्यार्थ्यांनी. अस्वलांची चोरटी शिकार करणाऱ्या कुणा हान्सवर त्यांना छोटा माहितीपट करायचा असतो. हान्स कॅम्पच्या मैदानावर एका कॅरॅव्हॅनमध्ये राहतो, दिवसा झोपतो आणि रात्री जुनाट गाडी काढून जंगलात जातो. मुले एके रात्री त्याच्या मागावर जातात. झाडीत दिव्यांचे झोत चमकतात, कसला तरी आवाज येतो, आणि हान्स अंधारातून धावत बाहेर येत ‘ट्रोल!’ असे ओरडतो. मुलांची गाडी मोडतोड झालेल्या अवस्थेत सापडते आणि थोमास या विद्यार्थ्याच्या खांद्याला चावा बसलेला असतो. दुसऱ्या दिवशी हान्स त्यांना बरोबर यायची परवानगी देतो. अटी दोनच : अंगाला ट्रोलचा दुर्गंधी अर्क फासायचा आणि मी सांगेन ते ऐकायचे. तुमच्यापैकी कुणी देवावर, येशूवर विश्वास ठेवतो का, हेही तो विचारून घेतो. मुले हसत नाही म्हणतात, पण कॅमेरामन काल्ले खरे बोलत नाही. पुढे ट्रोलांच्या कळपाने अडवलेल्या एका बंद खाणीत ते त्याच्या जिवावर बेतते. त्याच्या जागी येणारी नवी कॅमेरावाली मुसलमान असते. मुसलमान चालतील का, या प्रश्नाचे उत्तर हान्सपाशी नसते, कारण नियम लिहिले गेले तेव्हा हा प्रश्नच कुणाच्या मनात आला नव्हता. चित्रपटातला सर्वांत नेमका विनोद हाच, असे प्रस्तुत नोंदकाराला वाटते.

हान्स हे पात्र चित्रपटाचा कणा आहे. राक्षस मारणारा नायक म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारा कोणताही रुबाब त्याच्यात नाही. तो ‘ट्रोल सुरक्षा सेवा’ या गुप्त खात्याचा नोकर आहे आणि देशभर हे काम करणारा तो एकटाच आहे. रात्रपाळीचा भत्ता नाही, ओव्हरटाइम नाही, भरपाईची रजा नाही, आणि वरून आलेला आदेश तेवढा पाळायचा. प्रत्येक ट्रोल मारल्यानंतर त्याला विहित नमुन्यातला एक फॉर्म भरावा लागतो. ते काम तो इतक्या कंटाळलेल्या हाताने करतो की तालुक्याच्या कचेरीत पंचनाम्याचे कागद रंगवणाऱ्या कोणाही कारकुनाला तो आपल्यातलाच वाटेल. सत्तरच्या दशकात एका बांधकामासाठी एक टापू मोकळा करण्याचा हुकूम आला आणि त्याने तिथल्या सगळ्या ट्रोलांना, पिल्लांसह मारले. हे तो कॅमेऱ्यासमोर सावकाश सांगतो आणि तेवढा वेळ चित्रपटातले हसू थांबते. मुलांना चित्रण करू देण्यामागेही शौर्य मिरवायची हौस नाही. इतकी वर्षे दडवून ठेवलेले काम एकदा उजेडात यावे, एवढेच त्याला हवे आहे.

ही भूमिका ओट्टो येस्पर्सन या नॉर्वेजियन विनोदी कलावंताने केली आहे. धर्म आणि राजकारण यांवरील बोचऱ्या विनोदासाठी तो तिकडे सर्वांना ठाऊक आहे. अशा माणसाने ख्रिस्ती कोण आहे याची गंभीरपणे चौकशी करावी यातली गंमत परदेशी प्रेक्षकाच्या हाती लागत नाही. छोट्या भूमिकांतही बरेच विनोदी नट आहेत आणि एकही जण विनोद करत असल्यासारखा वागत नाही. सगळे गंभीर चेहऱ्याने बोलतात, आणि चित्रपटाची सारी हुकमत या गंभीर चेहऱ्यात आहे.

ट्रोल दगड का होतो याचे स्पष्टीकरण एका पशुवैद्य बाईकडून येते. सूर्यप्रकाशातून मिळणाऱ्या ड जीवनसत्त्वावर ट्रोलच्या शरीरात नीट प्रक्रिया होत नाही, आणि अंगात एकाएकी कॅल्शियमचा लोंढा उसळतो. म्हाताऱ्या ट्रोलची हाडे दगड होतात, तरुण ट्रोल आतून फुगून फुटतो. म्हणून हान्सच्या गाडीवर अतिनील किरणांचा मोठा दिवा बसवलेला असतो. तीन डोकी दिसणाऱ्या ट्रोलला जन्मतः एकच डोके असते. बाकीची केवळ उंचवटे असून माद्यांवर छाप पाडायला आणि प्रतिस्पर्ध्याला घाबरवायला वयाबरोबर वाढतात. टुसेलाद, रिंगलफिंक, डोव्रेगुब्बे, योत्नर अशा जाती आहेत. शेवटची दोन नावे परंपरेतून उचललेली : डोव्रेगुब्बे म्हणजे डोव्रे डोंगराचा राजा, तो नाटककार इब्सेनच्या ‘पीर गिंट’ (१८६७) या नाट्यकाव्यातून आणि संगीतकार ग्रीगच्या त्यावरील संगीतातून जगभर पोचला, तर योत्नर म्हणजे नॉर्स (प्राचीन स्कँडिनेव्हियन) पुराणातले महाकाय, ज्यांच्या नावावरून योतुनहाइमेन या पर्वतप्रदेशाचे नाव पडले आहे. विज्ञानाची ही भाषा ऐकताना पटत जाते. बारकाईने पाहिले तर ती टिकत नाही, पण बोलणाऱ्या बाईंच्या कामसू सुरामुळे कुणाला तपासून पाहायची बुद्धीही होत नाही.

पुलावरचा प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. ट्रोल आपली हद्द सोडून का भटकू लागले आहेत हे शोधण्यासाठी हान्सला जिवंत ट्रोलचे रक्त हवे असते. तो एका लहान पुलावर बोकड बांधतो, अंगावर पत्र्याच्या तुकड्यांचे अवजड चिलखत चढवतो, हातात मोठी सुई घेतो आणि पाणबुड्यासारखा अवघडत पुलाकडे चालू लागतो. तीन बोकड आणि पुलाखालचा ट्रोल ही गोष्ट नॉर्वेत आजीच्या तोंडून ऐकलेली असते, आणि कथेतला थोरला बोकड ट्रोलला धूळ चारतो हेही सर्वांना माहीत असते. इथे मात्र हान्सच उचलला जातो, आपटला जातो, पुन्हा उठतो आणि शेवटी ते रक्त मिळवतोच. कॅमेरा दूर आणि थरथरता असल्यामुळे हे सारे एखाद्या कारखान्यातल्या अपघाताच्या चित्रणासारखे दिसते. तपासणीत ट्रोल पिसाळलेले असल्याचे निघते, आणि त्याबरोबर थोमासच्या खांद्यावरच्या जुन्या चाव्याचा अर्थ बदलतो.

खात्याची लपवाछपवी हा विनोदाचा दुसरा झरा आहे. ट्रोलने केलेली नासधूस अस्वलाच्या नावावर टाकायची असते, म्हणून फिन हाउगेन हा वनाधिकारी मेलेले अस्वल आणवतो, त्याचे पंजे मातीत उमटवतो आणि पत्रकारांना शांतपणे उत्तरे देतो. स्थानिक परवानाधारक शिकारी ठसे बघून आधीच म्हणालेले असतात की अस्वल असे चालत नाही. हे अस्वल पुरवणाऱ्या पोलिश कामगारांना आपण काय करत आहोत याच्याशी काही घेणेदेणे नसते.

विजेच्या तारांचा धागा या सगळ्यांत सर्वांत चलाख आहे. डोंगरातून जाणारी उच्चदाबाची एक वाहिनी वर्तुळाकार फिरून मूळ जागी येते. ती वीज नेण्यासाठी नाहीच; आत योत्नरांना कोंडून ठेवणारे ते विजेचे कुंपण आहे. २०१० सालच्या नॉर्वेजियन प्रेक्षकाला हे ऐकून हसू येण्याचे खास कारण होते. त्याच वर्षी पश्चिम नॉर्वेतील हार्दांगर भागात सीमा ते साम्नांगेर अशी सुमारे ९० किलोमीटरची वीजवाहिनी टाकायला सरकारने मंजुरी दिली, आणि फ्योर्डच्या (डोंगरांत शिरलेल्या चिंचोळ्या खाडीच्या) देखण्या परिसरातील त्या उंच मनोऱ्यांना विरोधकांनी ‘मॉन्स्टरमास्तर’, म्हणजे ‘राक्षसी मनोरे’ असे नाव दिले होते. राक्षस मनोऱ्यांत नसून मनोऱ्यांपलीकडे आहेत, असे सांगून ओव्रेदाल यांनी तो वाद उचलला आणि उलटाही केला.

चित्रपटाचा शेवटचा टोला तर आयता मिळालेला. तत्कालीन पंतप्रधान येन्स स्टोल्टेनबर्ग, जे पुढे २०१४ ते २०२४ या काळात नाटोचे महासचिव होते, एका पत्रकार परिषदेत उत्तर समुद्रातील ‘ट्रोल’ नावाच्या वायुक्षेत्राविषयी बोलले होते. त्यांचे ते बोलणे संकलनातून असे जोडले आहे की देशाच्या पंतप्रधानांनी ट्रोलांचे अस्तित्व सहजच कबूल केल्याचे भासावे.

फाउंड फुटेज म्हणजे सापडलेल्या चित्रणाच्या या तंत्राला १९९९मध्ये ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ने प्रसिद्धी दिली. कमी पैशांत राक्षस दाखवण्याची ही हुकमी युक्ती आहे : हलता कॅमेरा, अंधार आणि अर्धवट दिसणारे अंग यांमुळे संगणकावर काढलेल्या ट्रोलची उणीव झाकली जाते आणि भव्यतेचा भास उरतो. काटकसरीची उलट दिशाही आहे. अमेरिकेतील ‘लेक मिशिगन मॉन्स्टर’ (२०१८) हा कृष्णधवल विनोदी चित्रपट सुमारे सात हजार डॉलरांत बनला. त्यात वडिलांच्या मृत्यूचा सूड उगवायला निघालेला कप्तान सरोवरातील राक्षसाच्या मागे लागतो, आणि कापडी-कागदी नकलीपणा झाकायचे सोडून तो उघड मिरवला जातो. मालेगावच्या हौशी सिनेमाचा आस्वाद घेतलेल्यांना ही दुसरी जातकुळी अधिक ओळखीची वाटेल.

दोषांविषयी थोडक्यात. मधल्या भागात गाडीतल्या प्रवासाचा पुष्कळसा भाग ढिला पडतो, तीन विद्यार्थ्यांपैकी एकालाही स्वभाव दिलेला नाही, आणि काल्लेच्या मृत्यूनंतर कथा इतक्या झटपट पुढे सरकते की दुःखाला जागा उरत नाही. ‘हातातला कॅमेरा अजून कसा काय चालू आहे’ ही या प्रकारातल्या चित्रपटांची नेहमीची शंका इथेही पडते. पश्चिम नॉर्वेतील दऱ्या, डोंगर आणि बर्फाळ माळ यांच्या चित्रणाने मात्र पडद्यावर सतत काहीतरी पाहण्यासारखे राहते, कारण एवढ्या विस्तीर्ण, ओसाड भूमीत काहीतरी मोठे दडून बसले असेल हे पटवण्यासाठी फारसे काही करावे लागत नाही.

जानेवारी २०११मध्ये हा चित्रपट अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात दाखवला गेला आणि जूनमध्ये तिथे प्रदर्शित झाला. इंग्रजीत पुन्हा काढण्याचे हक्क विकले गेले, पण तो पुनर्निर्मित चित्रपट तयार झाला नाही. ओव्रेदाल यांनी पुढे ‘द ऑटॉप्सी ऑफ जेन डो’ (२०१६) हा भयपट केला आणि ते इंग्रजी चित्रपटांकडे वळले. ट्रोलवरचा गाजलेला नंतरचा नॉर्वेजियन चित्रपट म्हणजे रोआर उथाउग यांचा नेटफ्लिक्सवरील ‘ट्रोल’ (२०२२); त्यात राक्षस मोठा आहे, सैन्य मोठे आहे आणि खर्चही मोठा आहे, पण फॉर्म कुणी भरत नाही.