साबुदाणा खिचडी किती जुनी?

‘उपवासाची साबुदाणा खिचडी ऋषिमुनींच्या काळापासून आहे, तिच्यात परकं काहीच नाही’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. उपवास प्राचीन आहेच, पण खिचडीचं साहित्य तसं नाही.

साबुदाण्याच्या पाकिटामागे घटक वाचा: टॅपिओका स्टार्च, म्हणजे कसावा या कंदाचं सत्त्व. कंद सोलून किसतात, पाण्यात कालवून गाळतात, खाली बसलेल्या सत्त्वाचे दाणे वळून भाजतात. कसावा, शेंगदाणा, बटाटा, मिरची ही चारही पिकं अमेरिका खंडातल्या मूळ रहिवाशांनी शेतात आणली. १४९२ नंतर युरोपीय जहाजांतून ती जगभर गेली. त्याआधी आपल्याकडे तिखटाला मिरी आणि पिंपळी होती. शब्दांतही खुणा आहेत: ‘बटाटा’ पोर्तुगीज, ‘मिरची’ मिऱ्यावरून, ‘भुईमूग’ आपल्या मुगावरून.

म्हणून खिचडी परकी ठरत नाही. साबुदाणा धुऊन, बेताच्या पाण्यात भिजवून दाणा मोकळा ठेवणं, दाण्याचं कूट, तुपा-जिऱ्याची फोडणी हे कसब इथलंच. दुसऱ्याचं घेण्यात गैर काही नाही. ज्यांनी ती पिकं हजारो वर्षं जोपासली त्यांना पुसून ‘मूळ आमचंच’ म्हणणं मात्र अन्यायाचं आहे.

रताळं आणि राजगिराही तिकडचेच. वरीचे तांदूळ मात्र इथले.