मुदत उलटलेले अन्न : खावे की टाकावे

वेष्टनावरची तारीख उलटून गेलेला पदार्थ पोटात घालण्याजोगा आहे की नाही, हे ठरवण्याची रीत. कायदा तारीख बघतो, घर वास बघते. या दोन कसोट्या दोन वेगळ्या गोष्टी मोजतात.

भारतात खाद्यपदार्थांचे वेष्टन २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली येते. लेबलांच्या २०२० च्या नियमांनी उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख आणि ‘एक्स्पायरी’ अथवा ‘यूज बाय’ छापणे सक्तीचे केले. ‘बेस्ट बिफोर’ ऐच्छिक ठेवले. ‘बेस्ट बिफोर’ उलटली तर बिस्कीट मऊ पडेल, बाधेलच असे नाही. ‘यूज बाय’ मात्र सुरक्षिततेची तारीख आहे. मुदत उलटलेला माल विकणारा दुकानदार कायद्याने जबाबदार ठरतो. व्हिनेगर, साखर आणि ताजी फळे-भाज्या यांना अशी तारीख लागतच नाही.

तारीख कोणतीही असो, ती न उघडलेल्या आणि सांगितल्याप्रमाणे ठेवलेल्या पाकिटापुरती खरी. ‘थंड व कोरड्या जागी ठेवावे’ असे लिहिलेले असते. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा अशी जागा दाखवा म्हटले, तर माणूस फ्रिजकडेच बोट दाखवतो. पत्र्याखाली तापलेल्या दुकानातले पाकीट तारखेच्या आधीच बिघडू शकते.

सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी ही या विषयाची चांगली उदाहरणे आहेत. कडक भाकरी ज्वारीची किंवा बाजरीची, पातळ थापलेली आणि मंद आचेवर पाणी पार आटेपर्यंत शेकलेली. जंतूंना वाढायला पाणी लागते. तेच नसल्यामुळे ती टिकते. म्हणून तिची परीक्षा सोपी : तुकडा मोडताना कट्कन आवाज आला आणि बुरशीचा ठिपका नसला, की तारखेला फार किंमत देण्याचे कारण नाही. तुकडा मोडण्याआधी वाकला, तर पाकिटात दमट हवा शिरली आहे. बुरशी दिसली तर तेवढाच भाग काढून उरलेली खाऊ नये, कारण तिचे तंतू दिसतात त्याहून आत गेलेले असतात.

चटणीचे वेगळे. तिच्यात पाणी कमी, पण तेल भरपूर. हवा, उजेड आणि ऊन लागले की ते खवट होते. वरवर हुंगून भागत नाही. पाकिटाच्या तळाची चिमूटभर चटणी बोटांत चोळून मग हुंगावी. चोळल्याने तेल सुटते आणि लसणाच्या वासाआडून जुन्या तेलाचा वास वर येतो. खवट चटणी एकदा चाखली म्हणून सहसा काही होत नाही.

खरा धोका वासाला सापडत नाही. ‘अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस’ नावाची बुरशी दमट शेंगदाण्यावर वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. भाजल्याने ते पूर्ण जात नाही. दीर्घकाळ पोटात गेले तर यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. चटणीवर छापलेली तारीख पॅकिंगच्या दिवसापासून मोजलेली असते. दाणे त्याआधी कोठारात किती दिवस आणि कसे पडून होते, ते तीवरून कळत नाही. त्यामुळे इथे काम येते ते दाणे निवडणाऱ्या हाताचे : सुरकुतलेला, काळपट, बुरशी धरलेला दाणा कुटण्याआधीच बाजूला काढणे.

मराठीत बिघाडाला शब्द पुष्कळ आहेत. दूध नासते, भाजी विटते, डाळ आंबते, दाणा खवट होतो, उरलेल्या भाताला तार सुटते. हे सगळे नाकाला, जिभेला किंवा बोटाला कळणारे बिघाड. साल्मोनेला किंवा लिस्टेरिया हे आजार करणारे जंतू मात्र अन्नात असले तरी वास, चव, रंग जसेच्या तसे राहू शकतात. लिस्टेरिया तर फ्रिजच्या थंडीतही वाढतो. म्हणून पनीर किंवा मांस-मासे यांची ‘यूज बाय’ उलटली की हुंगत बसू नये. गरोदर बायका, तान्ही मुले आणि वृद्ध यांच्या बाबतीत तर अजिबातच नाही.

तारखेचा पत्ताच नसलेला पदार्थ म्हणजे रात्रीचा भात. ‘बॅसिलस सीरियस’ या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याची कवचातली सुप्त रूपे, शिजवताना मरत नाहीत. उन्हाळ्यात भात रात्रभर ओट्यावर राहिला तर ते वाढून विष तयार करू शकतात, आणि उलटी करवणारे त्यातले विष सकाळच्या फोडणीने जात नाही. फोडणीचा भात करायचाच, तर रात्री लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवलेल्या भाताचा.

सीलबंद डबा किंवा ओल्या पदार्थाचे पाकीट फुगले असेल, तर तारीख बाकी असली तरी उघडून चाखू नये. आत जंतूंनी वायू केलेला असू शकतो. वेफर्सचे पाकीट यात धरू नये, ते कारखान्यातच नायट्रोजन भरून फुगवलेले असते.