इन्फ्रारेड पॅड आणि बधिर पाय : २००६ च्या नकारामागची पार्श्वभूमी

मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांना विकल्या जाणाऱ्या इन्फ्रारेड पॅडच्या जाहिरातींत दोन वाक्यं पुन्हा पुन्हा दिसतात. एक, याने रक्ताभिसरण वाढतं. दोन, याला अमेरिकेत मान्यता आहे. या दोन्हींचं मूळ बऱ्याच अंशी १९९४ मध्ये अमेरिकी नियामकाने अशा एका उपकरणाला दिलेल्या परवानगीत आहे. ‘नसा पुन्हा जाग्या होतात’ हा तिसरा दावा मात्र त्या परवानगीत नव्हता. तो नंतर जोडला गेला आणि पुढचा सगळा वाद, २००६ मध्ये अमेरिकेच्या सरकारी आरोग्यविम्याने या उपचाराचे पैसे नाकारले तोही, त्यावरूनच झाला.

तांबड्या रंगापलीकडे डोळ्यांना न दिसणारे, ऊब देणारे किरण, म्हणजेच इन्फ्रारेड, असतात, हे १८०० मध्ये एका खगोलशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं. पुढे विसाव्या शतकात कंबर-मान शेकायचा लाल दिवा फिजिओथेरपीच्या खोल्यांमध्ये आला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात बुडापेस्टमध्ये उंदरांच्या भादरलेल्या कातडीवर कमी शक्तीचं लेसर सोडलं, तेव्हा तिथे केस लवकर उगवले. तेव्हापासून दोन धारा वेगळ्या झाल्या. एकीत किरण म्हणजे शेक, दुसरीत उष्णतेशिवाय पेशींवर होणारा प्रकाशाचा परिणाम.

१९९४ चं उपकरण दुसऱ्या धारेतलं म्हणून ओळखलं गेलं. लवचिक पॅड, प्रत्येकात ६० डायोड, म्हणजे प्रकाश देणारे बारीक दिवे, तरंगलांबी ८९० नॅनोमीटर. पण परवानगी मिळाली ती पहिल्या धारेच्या घरातून. अमेरिकेत असं उपकरण बाजारात आणायचं तर ते आधीपासून विकल्या जाणाऱ्या एखाद्या उपकरणासारखंच आहे एवढं दाखवलं तरी चालतं. नव्याने मोठ्या रुग्णचाचण्या करण्याची सक्ती बहुधा नसते. हे पॅड इन्फ्रारेड दिव्याच्या वर्गात बसवले गेले, आणि त्या वर्गाची व्याख्याच मुळी ‘त्वचेला वरून ऊब देणारं साधन’ अशी आहे. त्या ठिकाणचं रक्ताभिसरण तात्पुरतं वाढवणं आणि वेदना कमी करणं, एवढ्याच वापरासाठी ही परवानगी होती.

नसांचा दावा त्यावर चढला तो नायट्रिक ऑक्साइडच्या आधाराने. हा वायू रक्तवाहिन्यांना सैल होण्याचा इशारा देतो, या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. प्रकाशामुळे रक्तातला नायट्रिक ऑक्साइड मोकळा होतो, बारीक वाहिन्या रुंदावतात, उपाशी नसांना रक्त मिळतं आणि संवेदना परततात, अशी मांडणी झाली. मांडणी सुबक होती. पहिल्या पाहण्यांचे आकडेही डोळे दिपवणारे होते, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.

संवेदना परतली हे मोजतात कसं, हे इथे पाहायलाच हवं. रुग्ण डोळे मिटून पडतो. तपासणारा नायलॉनचा एक धागा तळव्यावर टेकवतो आणि तो किंचित वाकेपर्यंत दाबतो. १० ग्रॅम दाबाचा धागाही कळला नाही, तर त्या पायाला जखम होण्याचा धोका वाढला असं धरतात. कळलं तर रुग्णाने ‘हो’ म्हणायचं. सगळी मदार त्या ‘हो’वर. दर आठवड्याला कुणी आपले पाय हातात घेऊन तपासतंय, चार शब्द विचारतंय, म्हटल्यावर ‘हो’ वाढतातच.

२००५ मधल्या ३९ जणांच्या चाचणीत नेमकं हेच दिसलं. काहींना खरे पॅड लावले, काहींना दिसायला हुबेहूब पण बंद. संवेदना दोन्ही गटांत सुधारली. त्याआधीच्या वर्षी २७ जणांच्या चाचणीत खऱ्या पॅडच्या बाजूने कौल गेला होता, पण ज्यांचा बधिरपणा सर्वांत जास्त होता त्यांना तिथेही गुण आला नव्हता.

या पार्श्वभूमीवर २४ ऑक्टोबर २००६ चा निर्णय आला. मधुमेही असोत वा नसोत, हातापायांच्या संवेदी नसांचा विकार, त्यातून होणारी वेदना, जखमा आणि व्रण यांसाठीच्या इन्फ्रारेड उपचारांचे पैसे मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेतला मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, देणार नाही. निर्णय फक्त डायोडच्या पॅडपुरता नव्हता. ‘इन्फ्रारेड किंवा त्याजवळचा प्रकाश आणि/किंवा उष्णता’ असा सरसकट शब्दप्रयोग होता. दिव्याच्या वर्गातून आत आलेलं उपकरण दिव्यासकट बाहेर गेलं. रुग्ण आणि थेरपिस्ट चिडले; आम्हाला फरक पडतोय, तो कुणी कागदावरून कसा नाकारतं, हा त्यांचा प्रश्न होता.

त्यांची तळमळ खोटी नव्हती. रात्री तळपायांची आग होऊन ज्यांना पांघरूणही सहन होत नाही, त्यांना थोडा उतारही फार मोलाचा वाटतो. तरी नसांपुरता हा निर्णय योग्यच होता, असं माझं ठाम मत आहे. २००८ मध्ये निघालेल्या चाचणीने त्याला बळ दिलं. ६९ मधुमेहींना खरे किंवा नकली पॅड घरी दिले, रोज ४० मिनिटं, ९० दिवस. धाग्याची परीक्षा, कंपनाची जाणीव, नसांमधून संदेश जाण्याचा वेग, जीवनमान, कशातही दोन गटांत लक्षणीय फरक निघाला नाही.

चूक झाली ती प्रकाश आणि उष्णता एका ओळीत बसवण्यात. बधिर पायाला शेक देणं धोक्याचं, कारण चटका बसतोय हेच कळत नाही आणि त्या भाजण्यातून व्रण होऊ शकतो. डायोडच्या प्रकाशाबद्दलचा मुख्य प्रश्न उपयोगाचा आहे. हा भेद निर्णयात पुसला गेला, आणि त्याचा अर्थ ‘प्रकाशोपचार म्हणजे थोतांड’ असा काढणारेही निघाले. तेही खरं नाही. मानेच्या जुनाट दुखण्यावर कमी शक्तीच्या लेसरचा उपयोग होतो, असं १६ चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात २००९ मध्ये दिसलं. कॅन्सरच्या उपचारांत तोंड येऊ नये म्हणून ब्रिटनमध्ये २०१८ पासून, आणि आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही, या प्रकाशाला जागा मिळाली आहे. तिथे मात्र तरंगलांबी, मात्रा, वेळ सगळं ठरवून दिलेलं असतं.

भारतात सगळी वैद्यकीय उपकरणं २०२० मध्ये औषध कायद्याच्या कक्षेत आली आणि परवाने वर्गवार, ऑक्टोबर २०२२ आणि ऑक्टोबर २०२३ अशा दोन टप्प्यांत सक्तीचे झाले. आपल्याकडे ग्राहकाला दाखवला जातो तो अजूनही बहुतेक वेळा अमेरिकेतला शिक्का. तो ज्या तात्पुरत्या रक्ताभिसरणासाठी मिळाला, ते मात्र खोक्यावर बारीक अक्षरांत असतं.