स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची शुश्रूषा नीट होत आहे, हे कशावरून ओळखावे?

घरी मदतनीस येऊ लागून दोन-तीन महिने झाले की बहुतेक कुटुंबे आम्हांला एकच प्रश्न विचारतात : आईला आता थोडे आठवू लागले आहे का? प्रश्न मायेपोटी आलेला असतो, पण शुश्रूषेची पारख त्यावरून केली तर ती चुकते. अल्झायमरसारख्या आजारात स्मरणशक्ती कमी कमीच होत जाते आणि कितीही मनापासून केलेली सेवा ती घसरण थांबवू शकत नाही. आजचा वार कोणता, शंभरातून सात वजा करत जा, हे तीन शब्द लक्षात ठेवा, अशी दवाखान्यात घेतली जाणारी ३० गुणांची चाचणी १९७५ पासून वापरात असून आजार कोणत्या पायरीवर आहे हे समजण्यासाठी ती उपयोगी आहे. तिचे गुण उतरले म्हणून सेवा वाईट ठरत नाही आणि तेवढेच राहिले म्हणून ती चांगलीही ठरत नाही.

शुश्रूषेने ज्यात खरोखर फरक पडतो, तेच मोजावे, असे आमचे मत आहे. त्यात पहिले स्थान आम्ही वेदनेला देतो, कारण आजार पुढे गेल्यावर रुग्णाला दुखते कुठे हे सांगता येत नाही. ठसठसणारी दाढ जेवणाला नकार म्हणून समोर येते, आखडलेला खांदा आंघोळीच्या वेळी मारलेल्या फटक्यातून बोलतो, आणि घरचे म्हणतात, स्वभाव चिडका झाला. यासाठी श्वास, कण्हण्या-ओरडण्याचा आवाज, चेहरा, शरीराची ताठर किंवा अस्वस्थ हालचाल आणि जवळ घेतल्यावर शांत होणे या पाच खुणांना प्रत्येकी ० ते २ गुण देण्याची एक पद्धत जगभर वापरली जाते. एकूण गुण १० पैकी जितके जास्त, तितकी वेदनेची शक्यता अधिक. आमचे मदतनीस ही नोंद आंघोळीच्या आणि कूस बदलण्याच्या वेळी करतात, कारण स्वस्थ पडलेल्या माणसाची वेदना लपून राहते.

वजन, शय्याव्रण, पोट साफ होणे आणि रात्रीची झोप यांच्या नोंदी सरळ आहेत. सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांनी घटले, तर ते वयामुळे झाले असे समजून सोडून देऊ नये.

पडण्याच्या नोंदीबाबत मात्र सावध राहावे लागते. महिनाभरात रुग्ण एकदाही पडला नाही ही चांगली बातमी आहे, पण त्याला खुर्चीला बांधून ठेवले असेल किंवा औषधाने दिवसभर गुंगीत ठेवले असेल, तर त्या शून्याला काही अर्थ नाही. वर्तन शांत करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या काही मनोविकारविरोधी औषधांमुळे स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्ये दिला होता. म्हणून रुग्णाला किती वेळ अडवून ठेवले आणि गुंगीचे औषध किती वेळा दिले, हे पडण्याच्या रकान्याशेजारीच लिहिले जाते. चालू औषध डॉक्टरांना न विचारता बंद करू नये.

रुग्णाचा दिवस कसा गेला हे मोजणे सर्वांत अवघड. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठात टॉम किटवुड आणि कॅथलीन ब्रेडिन यांनी विकसित केलेल्या पद्धतीत प्रशिक्षित निरीक्षक दर पाच मिनिटांनी रुग्ण काय करत आहे, कोणत्या मनःस्थितीत आहे आणि भोवतालची माणसे त्याच्याशी कशी वागत आहेत, हे टिपतो. ती पूर्ण पद्धत आम्ही राबवतो असा आमचा दावा नाही. आमच्या पर्यवेक्षिका पंधरवड्यातून एकदा, न कळवता, तासभर बसून हेच बघतात, आणि शक्यतो तिन्हीसांजेला येतात, कारण स्वतःच्याच घरात बसून ‘मला घरी जायचे आहे’ हा हट्ट अनेकदा त्याच वेळी सुरू होतो. मदतनीस तेव्हा वाद घालतात की हात धरून अंगणात दोन फेऱ्या मारून आणतात, यावरून पुष्कळ कळते.

घरातील ज्या व्यक्तीवर सेवेचा भार आहे, तिची स्थितीही आम्ही मोजतो. गोव्यातील दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांसह झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रशिक्षित सल्लागारांनी सहा महिने घरी जाऊन दिलेल्या आधारामुळे काळजी घेणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य स्पष्टपणे सुधारले, रुग्णाच्या वर्तनात मात्र तितका ठोस फरक दिसला नाही. आमच्या दृष्टीने ते यश लहान नाही. आम्ही दर तीन महिन्यांनी जी २२ प्रश्नांची, ८८ गुणांची प्रश्नावली देतो, ती प्रत्यक्ष सेवा करणाऱ्या सुनेने, पत्नीने किंवा मुलाने स्वतः आणि एकांतात भरावी; परदेशातून फोनवर चौकशी करणाऱ्या भावंडांनी तिच्या वतीने भरू नये.

या सर्व नोंदी सेवेच्या पहिल्याच आठवड्यात सुरू होतात, कारण आरंभीची स्थिती लिहिलेली नसेल तर पुढे तुलना कशाशी करणार? रुग्ण एक-दोन दिवसांत एकाएकी जास्त गोंधळला किंवा सुस्तावला, तर पुढच्या नोंदीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, शरीरातील पाणी कमी होणे किंवा नवे औषध यांपैकी काहीतरी त्यामागे असू शकते. नोंदवही आपल्या घरीच राहते आणि ती आपली आहे. तिची पाने कोरी दिसली किंवा आठवडाभराच्या नोंदी एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या वाटल्या, तर कृपया आम्हांला लगेच कळवावे.