योहानाइट : न चमकणारे युरेनियम

मराठवाड्यात विहीर खोदताना काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत पांढरे, हिरवट स्फटिक सापडतात. अलीकडे त्यांच्यावर अतिनील टॉर्च मारून, ते चमकले की ‘युरेनियमचा दगड सापडला’ असे सांगणारे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात; काही जण तर ‘ऊर्जा देणारे खडे’ म्हणून ते विकतातही. वास्तविक आपल्या या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, युरेनियम अत्यल्प असते आणि चमकणे हा किरणोत्सर्गाचा पुरावा नव्हेच. अतिनील प्रकाशात नोटेतले तंतूही चमकतात.

चमक आणि किरणोत्सर्ग या वेगळ्या गोष्टी आहेत, हे योहानाइट या दुर्मीळ खनिजात उत्तम दिसते. चेकियातील याखिमोव्हच्या खाणीत सापडलेल्या या हिरव्या खनिजाचे वर्णन खनिजशास्त्रज्ञ हायडिंगर यांनी १८३० साली केले. तांबे, युरेनियम, सल्फेट आणि पाणी हे त्याचे घटक. खाणीतल्या दमट हवेत पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाचे ऑक्सिडीकरण होऊन सल्फ्युरिक आम्ल तयार होते. त्याच हवेमुळे पिचब्लेंड या युरेनियमच्या काळ्या खनिजातील, पाण्यात सहसा न विरघळणारे युरेनियम दोन ऑक्सिजन अणूंच्या मधोमध सरळ रेषेत बसलेल्या ‘युरेनिल’ आयनाच्या रूपात त्या आम्लात उतरते, आणि पुढे पाणी आटले की सल्फेटशी जोडले जाऊन खाणीच्या भिंतीवर पापुद्र्यासारखे साचते.

अतिनील प्रकाश शोषला की युरेनिलमधील इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडून युरेनियमच्या रिकाम्या ५एफ कक्षकांत (इलेक्ट्रॉनांच्या जागांत) सरकतो आणि परतताना हिरवट प्रकाश सोडतो. युरेनोपिलाइट हे दुसरे युरेनियम सल्फेट म्हणूनच झगझगीत पिवळे-हिरवे दिसते. योहानाइटमध्ये मात्र शेजारचे तांब्याचे आयन ती ऊर्जा काढून घेतात, तिची उष्णता होते आणि चमक जवळजवळ नाहीशी होते. किरणोत्सर्ग मात्र कायम राहतो, कारण तो अणुकेंद्रकातून येतो. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य (निम्मे अणू क्षय पावण्यास लागणारा काळ) सुमारे ४४७ कोटी वर्षे आहे आणि बाहेरच्या इलेक्ट्रॉनांच्या या देवाणघेवाणीने त्यात फरक पडत नाही.

किरणोत्सर्ग शोधणारे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ हेन्री बेक्वेरेल यांनी १८९६ मध्ये प्रयोगात वापरलेला क्षारही युरेनियमचेच सल्फेट होता, पोटॅशियमसह बनवलेला. उन्हात ठेवल्यावर चमकणारे हे स्फटिकच भेदक किरण सोडत असावेत, अशी त्यांची अटकळ होती. पॅरिसमध्ये आभाळ भरून आल्याने त्यांनी काळ्या कागदात गुंडाळलेली छायाचित्रणाची काच स्फटिकांसह खणात ठेवून दिली. १ मार्च रोजी ती धुतली, तेव्हा पुरेसे ऊन मिळालेले नसतानाही तिच्यावर स्फटिकांच्या आकृत्या ठळक उमटल्या होत्या; म्हणजे ते किरण चमकण्यावर अवलंबून नव्हते.