दामदुप्पट योजना

ठराविक मुदतीत पैसे डबल करून देतो असं सांगून लोकांकडून ठेवी गोळा करायच्या आणि जुन्या माणसाचं व्याज नव्या माणसाच्या पैशातून भागवायचं, या फसवणुकीला आपल्याकडे दामदुप्पट म्हणतात. पॉन्झी स्कीम म्हणतात ती हीच. चार्ल्स पॉन्झीने 1920 मध्ये अमेरिकेत बोस्टनला 45 दिवसांत 50 टक्के नफा देतो म्हणून लोकांचे पैसे घेतले होते, त्याच्यावरून ते नाव.

गंमत अशी की दामदुपट हा शब्द मुळात कर्जदाराला वाचवणारा आहे. व्याज कितीही साचलं तरी सावकाराला एकावेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येणार नाही असा तो जुना नियम, मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात पण आहे आणि मुंबई इलाख्यात इंग्रजांच्या कोर्टातही हिंदू कर्जदारांसाठी चालायचा. म्हणजे जी सावकाराची शेवटची हद्द होती तीच आता एजंट लोक पॅम्प्लेटवर ऑफर म्हणून छापतात.

यातलं गणित एकदा करून बघा. समजा 100 जणांनी एकेक लाख भरले, एक कोटी झाले. एजंटांचं 5 टक्के कमिशन गेलं, राहिले 95 लाख. महिना 10 टक्के म्हणजे दरमहा 10 लाख वाटायचे, तर कुठलाही धंदा न करता नऊ महिने सगळ्यांना अगदी वेळेवर पैसे देता येतात आणि दहाव्या महिन्यात अडकतं. म्हणून "मला तर दर महिन्याला मिळतात" हा पुरावा काहीच कामाचा नसतो, पण नेमका तोच ऐकून मेहुणा, शेजारी, ऑफिसातला माणूस पैसे घालतो आणि दहावा महिना पुढे ढकलला जातो. दुसरी सोपी ट्रिक म्हणजे 72 ला व्याजदराने भागायचं, साधारण तेवढ्या वर्षांत पैसे दुप्पट होतात. पोस्टाच्या किसान विकास पत्राला साडेसात टक्क्यांनी 115 महिने लागतात, मग 25 महिन्यांत डबल म्हणणारा वर्षाला जवळपास 40 टक्के कुठून आणणार ते त्यालाच विचारा.

रूप मात्र दरवेळी नवीन. 2019 ला सांगली जिल्ह्यात इस्लामपूरचं कडकनाथ प्रकरण गाजलं, पिल्लं कंपनीकडून घ्यायची आणि अंडी-कोंबड्या कंपनीच चढ्या भावाने परत घेणार असा करार, त्यात शेतकरी अडकले. जानेवारी 2025 मध्ये दादरचं टोरेस प्रकरण बाहेर आलं, तिथे मॉइसनाइटचे म्हणजे हिऱ्यासारखे दिसणारे खडे घेतले की दर आठवड्याला पैसे, ते थांबले तसे लोक शोरूमबाहेर जमले.

कायदे आहेत, कमी नाहीत. राज्याचा ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा 1999 चा कायदा, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात, त्यात सहा वर्षांपर्यंत कैद आणि मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना वाटायची सोय आहे, आणि 2019 च्या केंद्राच्या कायद्याने अनियंत्रित म्हणजे कुठल्याच नियामकाकडे नोंद नसलेल्या ठेव योजनांवर सरसकट बंदीच घातली. पैसे भरायच्या आधी रिझर्व्ह बँकेच्या सचेत पोर्टलवर बघावं, तक्रारही तिथे करता येते. ऑनलाइन पैसे गेले असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन, वाट बघत बसायचं नाही. ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे पण दुकान गुंडाळून पळालेल्या माणसापुढे तिचा फार उपयोग होत नाही असं माझं मत. तिथे आर्थिक गुन्हे शाखाच गाठावी लागते.

आमच्या शेजारच्या काकूंनी अशाच एका स्कीमचा हिशोब लाल डायरीत ठेवला होता, दर गुरुवारी मिळालेले 1200 आणि पुढे एजंटची सही, असे अकरा गुरुवार, मग नुसत्याच तारखा. एजंट त्यांच्या भिशीतलीच बाई, तिचे स्वतःचे आणि माहेरचे पण पैसे त्यात गेले, त्यामुळे भांडायचं तरी कुणाशी. तक्रारीचा फॉर्म भरताना पोलिसांनी पैसे भरल्याची पावती मागितली, ती तर कुणी दिलीच नव्हती, शेवटी बँकेत जाऊन पैसे काढल्याचं स्टेटमेंट आणलं आणि डायरीच्या पानांची झेरॉक्स मागे टाचून दिली.