बनावट मालावरील छापा व अधिकारांचे प्रत्यायोजन (नागपूर)

दुसऱ्याचा नोंदणीकृत ट्रेडमार्क, प्रताधिकार (कॉपीराइट) किंवा भौगोलिक मानांकन (विशिष्ट प्रदेशाच्या मालाला मिळणारी नाममुद्रा, जीआय) चोरून वापरणाऱ्यावर फौजदारी कारवाई करण्याचे अधिकार भारतात एका हाती नाहीत. कायद्यानेच ते रजिस्ट्रार, पोलीस आणि दंडाधिकारी यांच्यात वाटले आहेत. पेटंट यात येत नाही. त्याच्या उल्लंघनासाठी दिवाणी दावाच लावावा लागतो.

ट्रेडमार्क अधिनियम, १९९९ च्या कलम ३ नुसार पेटंट, डिझाइन व ट्रेडमार्क महानियंत्रक हेच रजिस्ट्रार असतात आणि त्यांच्या देखरेखीखाली इतर अधिकारी ते काम करू शकतात; यालाच अधिकारांचे प्रत्यायोजन म्हणतात. कलम ११५(४) खाली उपअधीक्षक किंवा त्या दर्जाचा पोलीस अधिकारी वॉरंटशिवाय झडती घेऊन माल, छपाईचे साचे, यंत्रे जप्त करू शकतो. नागपूर शहरात हा दर्जा सहायक पोलीस आयुक्तांचा. मात्र छाप्याआधी रजिस्ट्रारचा अभिप्राय घेणे आणि तो पाळणे बंधनकारक आहे. दोन चिन्हांतले साम्य ग्राहकाला फसवेल का, हे ठरवायला त्या विषयाचा जाणकारच हवा, म्हणून ही अट योग्यच आहे.

अडचण वेळेची. नागपूर हे मुंबई ट्रेडमार्क कार्यालयाच्या कक्षेत येते. शहरात राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे, पण तिचे काम प्रशिक्षणाचे. अभिप्राय येईपर्यंत कुणकुण लागली, तर इतवारी-गांधीबागेच्या बाजारपेठेतले गोदाम रातोरात रिकामे होऊ शकते. म्हणून तक्रारदाराने पहिल्याच दिवशी पूर्ण संच द्यावा : नोंदणी प्रमाणपत्राची प्रमाणित प्रत, नूतनीकरणाचा पुरावा (मुदत १० वर्षे), अस्सल व बनावट नमुना शेजारी शेजारी, नमुना खरेदीचे बिल, गोदामाचा नेमका पत्ता आणि कंपनीचे अधिकारपत्र. नोंदणीचा वर्ग (चिन्ह कोणत्या प्रकारच्या मालासाठी नोंदवले आहे) व जप्त होणारा माल जुळतो का, हे आधीच पाहावे. नोंदणी एका वर्गात आणि माल दुसऱ्याच प्रकारचा, असे असेल तर प्रकरण सुरुवातीलाच लंगडे पडते.

वेष्टनावरचे चित्र किंवा मांडणी स्वतंत्र कलाकृती असेल, तर प्रताधिकार अधिनियमाचे कलम ६४ लागू शकते. त्याखाली उपनिरीक्षकही वॉरंटशिवाय जप्ती करू शकतो आणि रजिस्ट्रारच्या अभिप्रायाची अट नाही. घाईत हाच रस्ता धरला जातो. पण पुढे ट्रेडमार्कची कलमे जोडली आणि अभिप्राय घेतलेलाच नसला, तर बचाव पक्ष नेमके तेथेच बोट ठेवतो.

झडतीला स्थानिक, तटस्थ पंच हवेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम १०५ प्रमाणे ध्वनिचित्रमुद्रण करावे लागते. नगांची मोजणी, बॅच क्रमांक आणि सीलबंद नमुने पंचनाम्यात आलेच पाहिजेत. ‘अंदाजे इतक्या पेट्या’ असे लिहिले की उलटतपासणीत पंचनामा टिकत नाही. जप्त माल शक्य तितक्या लवकर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे सादर होतो. मालात हितसंबंध असलेली व्यक्ती तो परत मिळावा म्हणून १५ दिवसांत अर्ज करू शकते. आरोपीने नोंदणीच अवैध असल्याचा बचाव घेतला आणि तो प्रथमदर्शनी ग्राह्य वाटला, तर ट्रेडमार्क अधिनियमाच्या कलम ११३ खाली खटला तीन महिने थांबवून त्याला त्या नोंदणीविरुद्ध अर्ज करण्याची संधी दिली जाते. ट्रेडमार्कच्या पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. किरकोळ विक्रेत्याने वाजवी खबरदारी घेतल्याचे सिद्ध केले तर त्याचा बचाव होऊ शकतो; त्यासाठी खरेदीची बिले जपावीत.

नागपूर संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. भौगोलिक मानांकनाच्या कायद्याच्या कलम ५० मध्ये पोलिसांना असेच अधिकार आहेत, अभिप्रायाची अटही आहे. फरक इतकाच की ही नोंदणी चेन्नईच्या कार्यालयात होते. संत्री फार दिवस टिकत नाहीत, म्हणून पेट्यांवरची लेबले, वाहतुकीची कागदपत्रे आणि छायाचित्रे त्याच दिवशी ताब्यात घ्यावी लागतात.